मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे

मंडळी, विषय जाहीर झालाय तो मांजरासाठी पिसवांचं औषध कसं निवडावं हा. तिकडे येतोच. पण आधी एका सवयीबद्दल बोलू द्या, कारण मांजरं त्या सवयीपायी मरतात.

घरात कुत्रा असतो. त्याच्या मानेवर टाकायची ट्यूब आणलेली असते, तळाशी थोडं औषध उरतं. मांजर केवढंसं, चार थेंब पुरतील, म्हणून ते त्याला लावतात. गोठा असेल तर गोचिडांसाठी आणलेलं सायपरमेथ्रिन पाण्यात कालवतात आणि त्यात मांजर बुचकळतात. कुत्र्यांच्या कितीतरी ट्यूबांमध्ये परमेथ्रिन असतं. परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही सगळी एकाच कुळातली. कुत्र्याचं यकृत परमेथ्रिनची वासलात लावतं. मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारी ग्लुकुरोनिडेशनची, म्हणजे असे पदार्थ विरघळवून बाहेर टाकण्याजोगे करण्याची, प्रक्रिया फार कमजोर असते. औषध शरीरात रेंगाळतं, मज्जातंतू शांत होतच नाहीत. कान फडफडतात, लाळ गळते, अंग थरथरतं, मग झटके. हे काही तासांतच सुरू होतं, कधी एक दिवसही जातो.

हिशेब करून बघा. 45 टक्के परमेथ्रिनच्या 1 मिलीमध्ये साधारण 450 मिलिग्रॅम औषध येतं. साडेचार किलोच्या बोक्याला किलोमागे 100 मिलिग्रॅम झालं, आणि एवढं जिवावर बेतू शकतं. म्हणून ‘थोडंच लावलं’ हे वाक्य मला ऐकवत नाही.

चुकून लागलंच, तर कोमट पाणी आणि भांड्यांचा लिक्विड साबण घेऊन ते लगेच धुवा. गरम पाण्याने कातडीतून औषध जास्त शोषलं जातं, अगदी गार पाण्याने मांजर गारठतं. दूध पाजू नका, उलटी करवू नका. थरथर सुरू झाली असेल तर धुण्यात वेळ न घालवता थेट डॉक्टरांकडे न्या, औषधाचं खोकं बरोबर घ्या.

दुसरा उपाय सांगतात लसणाचा. शेंगाचटणीत लसूण हवाच, त्याशिवाय ती आपली चटणी नाही! पण मांजराच्या पोटात गेला की तो लाल रक्तपेशी फोडतो. टी ट्री तेल आणि डांबर गोळ्याही मांजराला विषारीच.

वेळ संपत आलीय, तेव्हा निवडीचं भरभर सांगतो. ब्रँड, किंमत नंतर. आधी घटकाचं नाव वाचा. खोक्यावर ‘मांजरासाठी’ असं स्पष्ट हवं. फिप्रोनिल हे पिसवा मारणारं एक औषध, त्याची मांजराची ट्यूब साधारण अर्ध्या मिलीची असते. सोबत मेथोप्रिन असेल तर अंडी-अळ्यांची वाढही थांबते. सेलामेक्टिन हे दुसरं औषध आठ आठवड्यांपुढच्या पिल्लांना चालतं, कानातल्या किड्यांवरही काम करतं. त्याहून लहान पिल्लाला औषध नकोच, बारीक दातांच्या फणीने विंचरून पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवा. हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील तर त्याला लगेच दाखवा, पिसवा पिल्लाचं रक्त संपवतात. जंताचं औषधही विचारून घ्या, कारण पिसू गिळल्याने टेपवर्म होतो.

मांजराचं वजन करा. कवटीच्या पायथ्याशी केस बाजूला सारून थेंब कातडीवर टाका. केसांवर पडलेलं वाया जातं. आधी-नंतर दोन दिवस अंघोळ नको. दोन मांजरं असतील तर औषध वाळेपर्यंत एकमेकांना चाटू देऊ नका. चाटल्यावर कडू चवीने थोडा फेस येतो, तो लवकर थांबतो. थरथर मात्र कधीच साधी समजू नका.

आणि ‘औषध लावलं तरी पिसवा दिसतात’ ही तक्रार. अंगावर दिसतात त्या थोड्या; अंडी, अळ्या, कोष घरात असतात. आपल्याकडे चादरी घडी घालून थरावर थर ठेवतात, मांजर नेमकं त्यावरच झोपतं. त्या चादरी, सतरंज्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका. पलंगाखाली, फरशीच्या सांध्यांत रोज व्हॅक्यूम किंवा झाडू फिरवा. कोषातली पिसू औषधाला दाद देत नाही, आठवडे-महिने दबून बसते आणि धक्का, ऊब लागली की बाहेर येते. म्हणून घरातल्या प्रत्येक मांजराला दर महिन्याला, निदान तीन महिने लावा. पाऊस सुरू झाल्यावर एकही महिना चुकवू नका, दमट हवेत अळ्या जास्त जगतात.