पहिला बदल त्याच संध्याकाळी

(बडोद्यात दांडिया बाजारातल्या बैठकीत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पुढच्या महिन्यात मुक्त सॉफ्टवेअरच्या, म्हणजे ज्याचा कोड कोणीही पाहू-बदलू शकतो अशा सॉफ्टवेअरच्या, कामात नव्याने येणाऱ्या स्वयंसेवकांसाठी आपण एक रविवार ठेवतो आहोत. हॉल ठरला, शेव-उसळ कुठून आणायची तेही ठरलं. मला आज एकच आग्रह धरायचा आहे. त्या दिवशी जो येईल त्याचं एक तरी काम, मग ते शुद्धलेखनाच्या एका दुरुस्तीचं का असेना, संध्याकाळच्या आत प्रकल्पात स्वीकारलं गेलं पाहिजे. बाकीची आखणी याच्याभोवती करू.

असा आग्रह का, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका शिबिरात मी शिकवायला होतो. सकाळ इतिहासात गेली: १९८३ मध्ये जाहीर झालेला ग्नू प्रकल्प, १९९१ चं लिनक्स, परवाने. मग सगळ्यांनी लॅपटॉप उघडले आणि एकाच वाय-फायवरून तीच मोठी पॅकेजेस उतरवायला लागले. कोणाचं पायथॉन जुनं, कोणाचा लॅपटॉप ऑफिसचा, त्याला अ‍ॅडमिन पासवर्डच माहीत नाही. चार वाजता ज्यांचं जमलं त्यांनी बदल पाठवले, पण ते तपासायला कोणी नव्हतं. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, दुसऱ्या देशात, त्यांना आपल्या शिबिराची कल्पनाही दिलेली नव्हती. एका मुलीची पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, कित्येक आठवडे तशीच पडून राहिली. शेवटी तिनेच ती बंद केली. तिने केलेला बदल बरोबर होता. ती पुन्हा आली नाही, आणि ते मला अजून लागून राहिलं आहे.

म्हणून पहिला निरोप जायला हवा तो मेंटेनरना. तारीख कळवायची, आणि मर्ज करण्याचा, म्हणजे बदल प्रकल्पात सामावून घेण्याचा, अधिकार असलेलं कोणीतरी त्या दुपारी आपल्यासाठी बसेल का, हे विचारायचं. नाही म्हणाले तर तारीख बदलू, नाहीतर प्रकल्प बदलू.

दुसरं, कामांची यादी. 'गुड फर्स्ट इश्यू', म्हणजे नवख्यांना जमेल असं काम, असं लेबल दिसलं की आपण डोळे मिटून घेतो. त्यातले बरेचसे जुने असतात, काहींवर आधीच कोणीतरी काम करत असतं, आणि काही दिसायला सोपे पण आतून खोल. यादीतलं प्रत्येक काम आपल्यापैकी एकाने आधी स्वतः करून बघायचं. तासाभरात उरकलं तर ठेवायचं, आणि आपण केलेला बदल टाकून द्यायचा, कारण ते काम पाहुण्यांचं आहे. इन्स्टॉलेशनसाठी शुक्रवारची संध्याकाळ वेगळी ठेवू, लागणाऱ्या फायली पेनड्राइव्हवर भरून. गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातलं क्लोन, ब्रांच, कमिट आणि पुश एवढंच शिकवू. रीबेस त्या दिवशी नको.

टी-शर्टबद्दल विचारणा झाली. माझं मत स्पष्ट आहे: बदलांच्या संख्येवर बक्षीस नको. हॅक्टोबरफेस्ट या दर ऑक्टोबरात होणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन उपक्रमात २०२० साली हेच झालं. टी-शर्टसाठी लोकांनी रीडमीत, म्हणजे प्रकल्पाच्या माहितीच्या फायलीत, एखादा शब्द घुसवून निरर्थक पुल रिक्वेस्टचा पूर आणला, मेंटेनर वैतागले, आणि तो महिना संपायच्या आतच आयोजकांना नियम बदलावा लागला. सहभागी व्हायचं की नाही, हे मग प्रकल्पांनी ठरवायचं.

आता आपल्या गावाचं. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना ग्रंथालयांच्या कामासाठी बोलावलं. पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेड्यापाड्यांत फिरल्या, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच काळात इथे ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्गही सुरू झाला, तो आपण विसरतो. पेटी गावात पोचली तरी ती उघडून माणसाच्या हातात नेमकं पुस्तक ठेवणारा कोणीतरी लागतोच. आपल्या रविवारी हे काम मेंटॉरचं, म्हणजे शेजारी बसून वाट दाखवणाऱ्याचं. चार नवख्यांमागे एक, आणि त्याने कीबोर्डला हात लावायचा नाही.

आणि फक्त कोड लिहिणाऱ्यांनाच बोलवू नका. आपल्या घरांत काय असतं? मुलं गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात, घरात बोलणं मराठी, आणि चोख मराठी लिहिता येतं ते आजीला. मी म्हणतो, आजीलाही घेऊन या. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. पडद्यावर हा फरक दिसला नाही तर तो बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक आहे, आणि तो मराठी वाचणाऱ्यालाच दिसतो. त्यातून 'दऱ्या'तला तो अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, दोन प्रकारे लिहिला जातो: एकदा नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून, आणि एकदा साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारं झिरो विड्थ जॉइनर हे चिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण प्रोग्रॅमने त्यांची सांगड घातलेली नसेल, तर एका पद्धतीने शोधलं की दुसऱ्या पद्धतीने लिहिलेलं सापडत नाही. आजीने सांगायचं, 'हा शब्द पानावर आहे, तरी सापडत नाही.' नातवाने स्क्रीनशॉट काढायचा, कोणती व्हर्जन, काय टाइप केलं, काय दिसायला हवं होतं, ते इंग्रजीत लिहायचं. असा नीट लिहिलेला एक बग रिपोर्ट मला घाईघाईत लिहिलेल्या दहा पॅचपेक्षा, म्हणजे कोडमधल्या बदलांपेक्षा, मोलाचा वाटतो. तसंच भाषांतराचं. बटणावर 'सेव्ह करा' की 'जतन करा', यावर वाद होणारच. वाद घालू द्या, पण आधी प्रकल्पाची शब्दसूची समोर ठेवा.

खाणं, पाणी, प्लगचे एक्स्टेंशन बोर्ड, हे तुम्ही माझ्याहून चांगलं बघाल.

राहिले त्या रविवारनंतरचे दोन आठवडे. नवखा माणूस घरी जाऊन दुसरा बदल पाठवतो तेव्हा शेजारी मेंटॉर नसतो. त्याला दोन दिवसांत कोणाचं तरी उत्तर गेलंच पाहिजे, 'बघतो, शनिवारपर्यंत सांगतो' एवढं असलं तरी चालेल. त्यासाठी पाळ्या लावाव्या लागतील. चौदा दिवस, रोज एक जण, अर्धा तास. वही मी आणली आहे, जिन्यापाशी उभा राहतो. जाताना आपल्या नावापुढे आपला वार लिहून जा.