उत्तर कोणी लिहिलं असेल?

(ठाण्यातल्या एका ग्रंथालयात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, गूगलसारखं शोधयंत्र आपला प्रश्न हल्ली बराच ओळखतं. पण उत्तर ते काढतं कुणीतरी लिहून ठेवलेल्या मजकुरातूनच. म्हणून टाइप करण्याआधी क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा: मला हवं ते कुणी लिहिलं असेल, कधी, आणि कोणत्या शब्दांत?

आपल्या ठाण्याचंच घ्या. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी इथं आली. त्या शतकातलं ठाणं कसं होतं हे बघायला ‘ठाण्याचा इतिहास’ एवढंच लिहिलंत, तर एकमेकांवरून उतरवलेले तेच परिच्छेद पुढ्यात येतात. इंग्रज अधिकारी गावाच्या नावाच्या शेवटी इंग्रजी ‘ई’ (e) नव्हे, ‘ए’ (a) हे अक्षर लिहायचे. त्या जुन्या स्पेलिंगनं, पुढं गॅझेटियर (म्हणजे सरकारी माहितीग्रंथ) आणि १८८२ घालून शोधा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा तेरावा खंड इंटरनेट अर्काइव्ह या संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतो. मिठागरं, मासेमारी, शेतसारा, सगळं आहे त्यात! आणखी मागं, शिलाहार राजांपर्यंत जायचं असेल तर ‘श्रीस्थानक’ लिहावं लागेल.

‘ठाणे’ लिहिलं की पोलीस ठाण्यांच्या बातम्याही येतात. त्या नको असतील तर ‘पोलीस’च्या आधी वजाचं चिन्ह द्या, चिन्ह आणि शब्द यांत जागा न सोडता. नेमका शब्दसमूह हवा असेल तर तो दुहेरी अवतरणात घाला. ही दोन चिन्हं हाताला बसली तरी खूप काम होतं.

मराठी वाचकाची खरी अडचण वेगळी आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. १९६२च्या लेखननियमांपूर्वीच्या पुस्तकांत ‘नांव’, ‘पुस्तकें’ असे अनुस्वार सर्रास दिसतात. तेव्हा जुनं काही शोधताना दोन्ही रूपं देऊन पाहा. युनिकोड, म्हणजे अक्षरं साठवण्याची आजची सर्वमान्य पद्धत, रूढ होण्याआधीच्या फॉन्टमधल्या फायलींचं तर विचारूच नका. पडद्यावर मराठी दिसतं, आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. अशा फायलीपर्यंत तुमचा मराठी शब्द पोहोचतच नाही. स्कॅन केलेलं पान म्हणजे तर नुसतं चित्र; त्यातली अक्षरं यंत्रानं ओळखून घेतली नसतील तर तेही हाती लागत नाही. म्हणून ‘सापडलं नाही, म्हणजे नाहीच’ असं कृपा करून म्हणू नका. ग्रंथपालाला विचारा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासून आहे.

आता पैशाशी संबंध येतो तिथलं. सातबारा काढायचा आहे? सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन’ असतं. नुसतं नाव किंवा बोधचिन्ह मिळतंजुळतं असून भागत नाही. पत्ता शेवटापर्यंत वाचा. शोध सरकारी स्थळांपुरताच ठेवायचा असेल तर इंग्रजीत ‘साइट’, लगेच कोलन, आणि जागा न सोडता ‘जीओव्ही डॉट इन’ लिहून पुढं आपला विषय द्या. सर्वांत वर ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं असतं, ती जाहिरात. तिला उत्तर समजू नका.

बँकेचा किंवा गॅस कंपनीचा ग्राहक सेवा क्रमांक तर शोधयंत्रात शोधूच नये, असं माझं ठाम मत आहे. ठग आपलेच क्रमांक बँकेच्या नावाखाली पेरून ठेवतात. क्रमांक पासबुकावरून, कार्डाच्या मागून किंवा बिलावरून घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना तो मोबाइलमध्ये आजच साठवून द्या. आणि पैसे गेलेच, तर संकोच न करता ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढं सरकण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त.