चार बोटं उरलेलं पातं

[दृश्य: पत्र्याची शेड, जमिनीवर सांडलेल्या ढलप्या. ठोक्याचा आवाज आधी, चित्र नंतर.]

अमळनेरच्या पुढे, बोरी नदीच्या काठाला एक गाव आहे. मे महिना चालू आहे. सकाळचे साडेनऊ वाजलेत आणि उन्हात राहिलेल्या लोखंडाला आताच हात लावता येत नाही. शेडखाली मिस्त्री जमिनीवर बसलेत. बाभळीचा तुकडा पायानं दाबून धरलाय आणि उजव्या हातात वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, चालतोय. ठोका पडतो, ढलपी उडते. खुणेच्या रेघेला मात्र धक्का लागत नाही.

"हाऊ वाकस मन्हा बापना शे," मिस्त्री म्हणतात.

पातं मुळात किती लांब होतं, ते त्यांनी हातानं दाखवलं. चांगली वीतभर लांबी होती. आज मोजून चार बोटं शिल्लक आहेत. बाकीचं दगडावर घासून घासून गेलं. त्यातून गाडीची चाकं झाली, तुंबे आणि आरे झाले, वखर झाले, तिफणी झाल्या, गावातल्या निम्म्या घरांच्या चौकटी झाल्या.

[दृश्य: धुळे. लोखंडी कपाट उघडतं.]

आता हे दुसरं घर, धुळ्यातलं. सर निवृत्त शिक्षक आहेत. पंचवीस वर्षं ते सुतारकामाची जुनी हत्यारं गोळा करतायत, बहुतेक भंगारवाल्यांकडून, किलोच्या भावानं. शिसवी रंधे, सामते, गिरमिटं, करवती. भुसावळच्या भंगारात मिळालेल्या विलायती पटाश्याही आहेत. प्रत्येक वस्तूला क्रमांक आहे आणि रजिस्टरमध्ये नोंद: कुठे मिळाली, कधी मिळाली, कुणाच्या घरातली.

सरांची ही मेहनत मला आधी मनापासून मान्य करायची आहे. खान्देशात लाकडी चाकाची गाडी गेली, टायरची आली. मग ट्रॅक्टर आला. पूर्वी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास, पेरणीच्या आधी सुताराच्या दारात औतांची रांग लागायची. ती थांबली आणि हत्यारांच्या पेट्या माळ्यावर गेल्या. पुढच्या पिढीनं त्या भंगारात दिल्या. सरांनी त्या उचलल्या नसत्या, तर त्यांचं एव्हाना पाणी झालं असतं भट्टीत.

आणि गोळा करण्याची किंमत धुळ्याला कुणी शिकवायला नको. इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली याच शहरात गेले. गावोगावची दप्तरं धुंडाळून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड छापले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ 1927 पासून इथे उभं आहे. सर तिथे नेहमी जातात. "जुना कागद जपायचा तो वाचण्यासाठी," असं तेच मला म्हणाले. मी विचारलं, मग पटाशी कशासाठी जपायची? ते बराच वेळ कपाटाकडे बघत राहिले.

[दृश्य: पटाशीचा जवळून शॉट. पात्यावरचा शिक्का.]

ही पटाशी शेफील्डची आहे. पात्यावर 'कास्ट स्टील' असा शिक्का दिसतो. मुशीत वितळवून काढलेलं हे पोलाद. ती रीत शेफील्डमध्ये 1740 च्या दशकात बेंजामिन हंट्समन यांनी बसवली. त्या काळच्या अशा पटाश्यांत अख्खं पातं पोलादाचं नसायचं. मऊ लोखंडाच्या सपाट अंगावर पोलादाचा पातळ थर भट्टीत जोडलेला असायचा. धार त्या थरातून निघते.

संग्राहक आधी शिक्का बघतो. मूठ मूळची आहे का, स्क्रू बदललेत का, तेही बघतो. मिस्त्री पटाशी उलटी करतात आणि सपाट पाठ उजेडात धरतात. गंजाचे खड्डे उताराच्या बाजूला असले तर चालतं, घासताना ते निघून जातात. पाठीवर धारेलगत खड्डा असेल, तर धार तिथे तुटकच राहणार. पाठ खड्ड्याच्या तळापर्यंत घासावी लागते आणि पातळ थर असेल तर तेवढं पोलाद नसतंच. वस्तू एकच, पण दोघांचे डोळे वेगवेगळ्या जागी जातात.

यातून बाजारभावही उलटा होतो. अमेरिकेतल्या स्टॅन्ली कंपनीनं 1869 साली लिओनार्ड बेली यांचे रंध्यांचे हक्क घेतले, आणि त्या बांधणीचे लोखंडी रंधे जगभर गेले. त्यांतला सगळ्यात छोटा क्रमांक 1 जेमतेम साडेपाच इंच लांब. सुताराच्या पंजात तो नीट बसत नाही. म्हणून तो कमी खपला, आणि म्हणूनच आज संग्राहक त्याला मोठी किंमत देतात. क्रमांक 4 आणि 5 नं खरं काम केलं, ते स्वस्तात मिळतात.

ज्यांना जुनं हत्यार चालतं करायचं आहे, त्यांना एक सांगतो, कारण मी स्वतः ते बिघडवलंय. माझ्या आजोबांची पटाशी मी विजेच्या ग्राइंडरवर धरली. घाई होती. टोक आधी पिवळसर झालं, मग तपकिरी, मग जांभळं, आणि शेवटी निळं. निळा रंग म्हणजे पोलाद सुमारे 300 अंशांपर्यंत तापलं, त्याचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला. त्या टोकाला आता धार टिकत नाही. तेवढा भाग घासून टाकावा लागेल. आजोबांनी जपून वापरलेलं अर्धा इंच पोलाद मी दोन मिनिटांत घालवलं. त्याची बोच अजून आहे.

गंज काढायला घाई लागतच नाही. प्लास्टिकची बादली, पाणी, धुण्याचा सोडा आणि बॅटरीचा चार्जर. ऋण टोक हत्याराला, धन टोक भंगारातल्या साध्या लोखंडी पट्टीला, आणि दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. स्टेनलेसची पट्टी अजिबात वापरायची नाही, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. बादली मोकळ्या हवेत ठेवायची. एका रात्रीत लाल गंज सुटतो आणि खालचं काळपट लोखंड तसंच राहतं. मुठीला जवसाचं तेल. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, मुठी ढिल्या होतात, हे लक्षात ठेवून.

[दृश्य: मिस्त्रींची पेटी. झाकणाच्या आत हळदकुंकवाचे जुने डाग.]

मिस्त्रींच्या घरी दसऱ्याला हत्यारं पुसून पाटावर मांडतात. फुलं वाहतात. त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच पटाशी पुन्हा लाकडात. सरांच्या कपाटात मात्र बारा महिने दसरा आहे.

माझं मत सांगतो. चार बोटं उरलेला तो वाकस आता थांबवावा. त्याची झीज हीच त्याची नोंद आहे. मूठ अंगठ्याखाली कुठे खोल गेली ते बघून त्या बापाचा हात कसा बसायचा हे कळतं. आणखी दहा वर्षं घासला, तर तेही राहणार नाही. पण ज्या पात्यात वीतभर पोलाद आहे, ते कपाटात पडून राहावं हे मला पटत नाही. वाकस किती तिरका धरायचा हे रजिस्टरमध्ये लिहिता येत नाही. मिस्त्रींचा मुलगा प्लायवूड आणि सनमायकाचं काम करतो, चांगलं करतो, पण त्याच्या हाताला वाकस माहीत नाही.

मी हे मिस्त्रींना बोललो. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "याले घरमा ठेवीसन काय करसू?" एवढंच म्हणाले, आणि पुन्हा ठोका पडला.

[दृश्य: सर शेडमध्ये. फडक्यात गुंडाळलेली पटाशी.]

पुढच्या रविवारी सर आले. क्रमांक 41 फडक्यात गुंडाळून आणला होता, तीच शेफील्डची. मिस्त्रींनी नखावर धार पाहिली, मान हलवली, दगडावर पाणी शिंपडलं आणि अर्धा तास पाठ घासत बसले. सर उकिडवे बसून बघत होते. मग बाभळीच्या चौकटीत भोक पाडायला घेतलं. मोगरीच्या पाचव्या-सहाव्या ठोक्याला मिस्त्री थांबले, पटाशी डोळ्यांसमोर धरली आणि म्हणाले, "मास्तर, चांगलं पोलाद शे."

मग त्यांनी मुलाला हाक मारली आणि पटाशी त्याच्या हातात दिली.

सरांनी संध्याकाळी घरी जाऊन रजिस्टर उघडलं. क्रमांक 41 पुढे, मिळाल्याच्या तारखेनंतर, इतकी वर्षं कोरी असलेली ओळ होती. तिथे त्यांनी लिहिलं: बाभूळ. चौकटीची दोन भोकं. धार दोनदा लावली.