कडा घट्ट धरा, मग आत हलवा

हे साधं खोडरबर. अंगठ्याने दाबलं, सोडलं, परत होतं तसं. दाबताना आत ऊर्जा साठते आणि वस्तूला कमीत कमी ऊर्जेत बसायचं असतं, म्हणून गणितवाले त्या ऊर्जेचा आलेख काढतात आणि तो वाटीसारखा निघाला की निश्चिंत होतात, कारण गोटी कुठूनही सोडा, तळाशीच येणार. ही वाटी म्हणजे कॉन्व्हेक्स.

पण ही अट गरजेपेक्षा कडक आहे. असा पदार्थ मनात आणा जो चहूबाजूंनी दाबला की विरोध करायचं सोडून आणखीच आक्रसतो, म्हणजे त्याचा बल्क मॉड्युलस, चहूबाजूंच्या दाबाला होणाऱ्या विरोधाचं माप, निगेटिव्ह. मोकळा ठेवला तर तो टिकणारच नाही. आता त्याच्या सगळ्या कडा भिंतीला चिकटवा. आत एक भाग आक्रसायला लागला की शेजारच्याला ताणावं लागतं, आकार बिघडतो, आणि आकार बिघडला की शिअर मॉड्युलस म्यू, म्हणजे आकार बिघडवण्याला होणाऱ्या विरोधाचं माप, आडवा येतो. हिशोब केला तर बल्क मॉड्युलस उणे 4/3 म्यूच्या वर असेल तोवर तुकडा स्थिरच राहतो! वाटी मोडलीय, तरी स्थिर. मला तर हे पहिल्यांदा कळलं तेव्हा कागद पेन घेऊन दोनदा करून बघितलं.

गणितज्ञ चार्ल्स मॉरी यांनी 1952 मध्ये हेच अटीत बांधलं, कडा धरून ठेवा, आत हवं तसं हलवा, ऊर्जा कमी होता कामा नये. नाव क्वासिकॉन्व्हेक्स. अडचण एवढीच की हलवायचे प्रकार अनंत, तपासणार किती? म्हणून सोपी अट घेतात, पत्त्यांच्या कॅटसारखे थर एकाच दिशेने सरकवून बघायचं, ती रँक-वन कॉन्व्हेक्स.

लिनिअर इलॅस्टिसिटीत, म्हणजे वस्तू अगदी थोडीच ताणली-दाबली जाते तिथे, ऊर्जा स्ट्रेनच्या (किती ताणलं-दाबलं त्या प्रमाणाच्या) वर्गात असते आणि तिथे या दोन्ही अटी एकच निघतात, कारण फुरिएच्या पद्धतीने आतली कुठलीही हालचाल लाटांमध्ये सुटी करता येते आणि प्रत्येक लाट म्हणजे थरांचं सरकणंच की. भूकंपात सगळ्यात आधी पोचणारी पी लाट आहे ना, तिच्या वेगाचा वर्ग गुणिले घनता म्हणजे बल्क मॉड्युलस अधिक 4/3 म्यू. तेच 4/3! ही बेरीज शून्याखाली गेली तर लाटेला खरा वेगच उरत नाही.

लिनिअर सोडलं की मात्र गाडी अडते. 1992 मध्ये गणितज्ञ व्लादिमिर श्वेराक यांनी दाखवलं की तीन डायमेन्शनमध्ये थरांची परीक्षा पास होऊनही मॉरींची परीक्षा नापास होता येतं. आणि सपाट, दोन डायमेन्शनचं प्रकरण, म्हणजे टेबलावर ताणलेली रबराची शीट? ते अजून कुणालाच सुटलेलं नाही.