पार्सलावर काय लिहिलंय?

मंडळी, अथणी-निपाणीकडची चप्पल आपल्या सगळ्यांच्या पायात कधी ना कधी आलेली आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकाचेही चार आहेत, आणि आपला बेळगाव त्यांतला एक. जगभरच्या कस्टम्सच्या वर्गवारीतही अशा पादत्राणाला स्वतंत्र संकेतांक आहे, ६४०३.२०. चामड्याचा तळ, पायावरून चामड्याचे पट्टे आणि अंगठ्याभोवती पट्टा, असं वर्णन तिथं चक्क लिहिलेलं आहे.

आणि ऑनलाइन ऑर्डरच्या पार्सलावर आपण काय लिहितो? 'फुटवेअर'. परदेशातल्या अधिकाऱ्यानं त्यावरून चामडं ओळखायचं की प्लास्टिक?

पूर्वी एका कंटेनरमागं एक आयातदार आणि एक बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं घोषणापत्र, असे. ई-कॉमर्सनं त्याची हजारो पार्सलं केली, प्रत्येकाचा पाठवणारा वेगळा, घेणारा वेगळा. सगळी उघडून बघणं कुणालाच शक्य नाही. म्हणून आपल्याकडं २००५ पासून जोखीम व्यवस्थापन प्रणाली आहे. कुठली खेप तपासायची ते ती हाती असलेल्या माहितीवरून सुचवते. जागतिक सीमाशुल्क संघटनेनं २०१८ मध्ये ई-कॉमर्ससाठी मानकं आखली, त्यांतही माल पोचण्याआधी माहिती पोचावी हा आग्रह आहे. २०२२ मध्ये तर संघटनेनं वर्षाच्या विषयातच 'डेटा संस्कृती', म्हणजे माहिती नीट नोंदवण्याची आणि वापरण्याची सवय, हे शब्द घातले.

संस्कृती हा शब्द मला इथं अगदी योग्य वाटतो, कारण संगणक विकत घेता येतात, सवय घेता येत नाही. अधिकाऱ्यानं पार्सल उघडलं आणि आत गैर काही सापडलं नाही, तरी तशी नोंद झाली पाहिजे. फक्त पकडलेल्या मालाचीच नोंद ठेवली, तर आपला संशय कुठं चुकतो हे प्रणालीला कधीच कळणार नाही. प्रामाणिक विक्रेता मग पुन्हा पुन्हा तपासला जातो. काही पार्सलं निव्वळ चिठ्ठी काढल्यासारखी निवडावीत, तीही याचसाठी.

माहिती खोटी असली की काय होतं, ते २०१९ मध्ये आपण पाहिलं. पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना शुल्कमाफी होती. परदेशी ऑनलाइन विक्रेते विकलेला मालच भेट म्हणून पाठवू लागले. शेवटी डिसेंबरमध्ये सरकारनं राख्या आणि जीवरक्षक औषधं वगळून भेटवस्तूंची ती वाटच बंद केली. खोटं लिहिणारे वेगळे होते, वाट मात्र सगळ्यांची बंद झाली.

२०२२ पासून टपालानं होणाऱ्या निर्यातीचं बिल, म्हणजे मालाचं घोषणापत्र, ऑनलाइन भरता येतं. डाकघर निर्यात केंद्रं त्याच कामासाठी आहेत. अथणीच्या कारागिराला फॉर्म इंग्रजीत दिसतो, तिथं तो अडतो. कॉलेजातल्या आपल्या मुलामुलींनी त्याच्या शेजारी बसावं, मालाचं वर्णन, किंमत, संकेतांक नीट भरून द्यावा. मराठीतून आणि कन्नडमधून समजावणारी माणसं या जिल्ह्यात घरोघरी आहेत.