चवथ झाल्यावर बघू

नमस्कार श्रोतेहो. आज स्तनातल्या गाठीविषयी बोलायचंय. पुरुषमंडळींनीही रेडिओ बंद करू नये.

आमच्या फोंड्याकडची एक वहिनी. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आठवड्यावर आलेली. न्हाताना तिच्या हाताला डाव्या स्तनात बोराएवढं काहीतरी कठीण लागलं. दाबून पाहिलं, दुखेना. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं म्हणून ती नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, तयारीला लागली. पुढं माटोळी, म्हणजे गणपतीवरची रानफळांची आरास, बांधताना जाऊ स्टुलावर आणि वहिनी खालून सुपारीचे घोस, आंबाडे, कांगलां वर देतेय. (माटोळीचं सामान रानात फिरूनच जमवावं हो! बाजारातून गठ्ठा आणला की मुलांना एका रानफळाचं नाव कळत नाही.) तर, हात वर केला आणि वहिनी थबकली. "काय गो?" जावेनं विचारलं. वहिनीनं हळूच सांगितलं, वर म्हणाली, "चवथ झाल्यावर बघू."

सासूबाई नारळ खवत होत्या. विळीवरून उठल्या. म्हणाल्या, "गणपती दर वर्षी येतो. उद्या सकाळी आरोग्य केंद्रात जायचं. मी येते." आणि गेल्या! तिथून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात. मॅमोग्राफी झाली, सुईची तपासणी झाली. कर्करोगच निघाला, पण लहान, काखेत न पोचलेला. स्तन न काढता शस्त्रक्रिया झाली, मग रेडिएशन. त्या चवथीच्या नेवऱ्या जावेनं तळल्या. आज वहिनी फुगडीत सर्वांत पुढं असते.

आता नीट ऐका. दुखत नाही म्हणून गाठ सोडून देऊ नका. पुन्हा सांगते, दुखत नाही म्हणून सोडू नका. बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण ते तपासणीनं ठरतं.

शांघायमध्ये अडीच लाखांहून जास्त गिरणी कामगार बायकांचा मोठा अभ्यास झाला. 2002 साली निष्कर्ष आले: स्वतः तपासायला शिकवूनही मृत्यू कमी झाले नाहीत. नुसतं चाचपून भागत नाही. मुंबईत मात्र प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासलं, तेव्हा पन्नाशीपुढच्या बायकांमधले या रोगाचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. म्हणून स्वतःचं अंग ओळखीचं ठेवा आणि केंद्रातल्या ताईंकडूनही तपासून घ्या. गाठ, त्वचेवर खळी, आत ओढलेलं स्तनाचं बोंड, बोंडातून रक्ताचा स्राव, यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात जा. सण असला तरी.