मंडळी गायली पाहिजे

नमस्कार श्रोतेहो. चर्चमध्ये पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, बसणाऱ्याचं काम एकच, उपासनेला जमलेल्या मंडळीला गातं करणं. पुन्हा सांगतो, मंडळीला गातं करणं. हे काम माणसं जन्मभर करतात, बहुतेक वेळा बिनमोल. त्यांच्या पेटीतून दर रविवारी जे अभंग निघतात, त्यांतले कितीतरी आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात 1861 साली जन्मलेल्या माणसाचे आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळक.

त्यांची एक गोष्ट सांगतो. 1893 सालची. टिळक नागपूरहून आगगाडीने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा साहेब. त्या काळी साहेबाच्या डब्यात शिरायचं म्हणजे अपमानाची तयारी ठेवूनच. पण हा साहेब हसला, सरकून बसला, जागा करून दिली. मग बोलणं सुरू झालं, आणि कशावर? काव्यावर. संस्कृत साहित्यावर. टिळकांचा जीवच काव्यात, ते खुलले. बोलता बोलता विषय धर्मावर आला. साहेबाने वाद घातला नाही. ख्रिस्ताचं चरित्र वाचा म्हणाला, बायबलातल्या नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि सांगितलं, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते पटलं नाही, पण पुस्तक वाचतो असं कबूल केलं. उतरायची वेळ आली, दोघे उतरले, आणि एकमेकांचं नाव विचारायचं राहून गेलं! तो साहेब कोण, ते टिळकांना पुढे कधीच कळलं नाही.

पुस्तक आधी रुचलं नाही. तरी सवयीप्रमाणे पेन्सिल हातात धरून वाचायला बसले. ख्रिस्ताच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि पुस्तक खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. दोन वर्षं म्हणाला होता ना तो साहेब!

त्यानंतर टिळकांनी गीतं लिहिली, कीर्तनं केली. तोवर बरीच उपासनागीतं इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवलेली होती. चालीचा जोर जिथे पडतो तिथे मराठीतलं ऱ्हस्व अक्षर आलं की शब्द मोडतो, आणि शब्द मोडला की माणूस तोंड मिटतो. टिळकांनी ओवी-अभंग घेतले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. आपल्या कोकणात तर डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, ऐकत वाढलेल्या माणसाला भजनी ठेका शिकवावा लागत नाही, टाळ आपोआप हातात येतो. म्हणून कीबोर्डचा तयार ठेका अभंगाला लावू नये, असं माझं ठाम मत आहे. त्या यंत्राला गाणाऱ्याचा श्वास कळत नाही.

आता पेटीवर बसणाऱ्यांसाठी. आधी पट्टी, म्हणजे गाण्याचा सा कुठे धरायचा ते. बायका, पुरुष, म्हातारे, पोरं सगळी एकत्र गाणार. गीतातला सर्वांत उंच स्वर शोधा. तो बायकांच्या गळ्यात वरच्या पांढरी दोनच्या, म्हणजे वरच्या सप्तकातल्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या, पलीकडे जाऊ देऊ नका. पुरुष आपोआप एक सप्तक खाली गातात. चाल तार षड्जापर्यंतच, म्हणजे वरच्या सापर्यंतच, जात असेल तर पांढरी एक किंवा काळी एक धरा. तार गंधारापर्यंत, म्हणजे त्याच्याही वरच्या गपर्यंत, चढत असेल तर खालच्या काळी पाचवर या. सकाळची पहिली उपासना असेल तर आणखी एक स्वर खाली, कारण गळे उघडलेले नसतात.

मग लय. मागच्या बाकावरचे लोक पेटीऐवजी शेजाऱ्याचं ऐकून गातात, म्हणून दर ओळीला गीत रेंगाळतं. यावर मोठ्याने वाजवणं हा इलाज नाही. ओळीच्या शेवटचा स्वर वेळेवर तोडा, मंडळीबरोबर श्वास घ्या, पुढची ओळ नेमक्या मात्रेवर उचला. ढोलकी साधी ठेवा, तिहाया, म्हणजे तीनदा वाजवायचे तुकडे, नकोत.

आणि पेटी. जी पेटी चर्चमध्ये आणि भजनात घरोघर वाजते, तिच्यावर आकाशवाणीने 1940 ते 1971 बंदी घातली होती. मींड, म्हणजे स्वरावरून स्वरावर घसरत जाणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे स्वरांमधले बारीक स्वर, नाहीत, हे आक्षेप मैफिलीपुरते खरे असतील. शंभर माणसं एका स्वरात आणायला मात्र पेटीसारखं दुसरं वाद्य नाही.

आपल्याकडचा पाऊस आणि खारी हवा तिला छळतात. लाकूड फुगतं आणि पट्ट्या अडकतात. पट्टी न दाबता सूर वाजत राहिला, तर पट्टीखालच्या झडपेच्या चामड्यात धूळ बसली आहे किंवा स्प्रिंग सैल झाली आहे. भाता तपासायला सगळे स्टॉप, म्हणजे समोरच्या हवेच्या खुंट्या, बंद करा, भाता भरा आणि सोडा. तो चटकन बसला तर कुठेतरी हवा गळते आहे. सूर मुका झाला, तर तो सूर देणाऱ्या आतल्या पितळी जिभेखालून पातळ कागद अलगद सरकवा, खरवडू मात्र नका. जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. पावसाळ्यात पेटी भिंतीपासून दूर, स्टुलावर, सुती कापडात ठेवा. प्लॅस्टिक नको, आत दमटपणा कोंडतो. रोज दहा मिनिटं वाजवा, हवा खेळली पाहिजे. मोठी दुरुस्ती काढायची तर दिवाळी होताच कारागिराकडे न्या; डिसेंबरात नेलीत तर नाताळला पेटी त्याच्याकडेच राहील. नमस्कार.